दुरून संगणक चालवताना: तासगावच्या गाळ्यातून एक आढावा

दिवाळीच्या तोंडावर तासगावात बेदाण्याचे सौदे काही दिवस थांबतात. आधी वर्षभराची येणी-देणी मिटवायची, खाती शून्यावर आणायची, मगच नव्यानं बोली लावायची. बाजारात याला ‘शून्य पेमेंट’ म्हणतात. त्या दिवसांत अडत दुकानातल्या टॅलीला उसंत नसते. हिशेबनीस सांगलीत, टॅलीवाला मिरजेत, कर सल्लागार पुण्यात आणि संगणक मात्र मार्केट यार्डातल्या गाळ्यात. मग फोन येतो, “दादा, एनीडेस्क चालू करा आणि नंबर सांगा.” पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागतो, नोंद दुरुस्त होते, चहा येतो आणि ती जोडणी तशीच चालू राहते.

हे एकट्या यार्डात घडत नाही. विकास सोसायटीचा सचिव, पतसंस्थेची शाखा, शीतगृहाचं ऑफिस, सेवा केंद्र, दवाखाना, सगळीकडे कुणीतरी दुरून संगणकात येत-जात असतं. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातले गलाई व्यावसायिक सोन्या-चांदीच्या कामासाठी देशभर पसरले आहेत. दुकान दक्षिणेत आणि घर इकडे, असा संसार असलेल्याला तर दुकानातला संगणक गावातून बघता येणं ही गरजच आहे. शेजारच्या पलूस तालुक्यात भिलवडीच्या चितळे डेअरीनं जनावरांच्या कानात आरएफआयडी बिल्ले लावून नोंदी थेट संगणकात आणल्या, त्याचं कौतुक बाहेरही झालं. पण तिथं संगणकाचा स्वतंत्र विभाग आहे. आपल्या गाळ्यात पुतण्या आहे, तोही सुट्टीला आला तर.

द्राक्षबागायतदाराला दुरून यंत्र चालवणं नवं नाही. रात्रीच्या पाळीची वीज आली की रानात जायला नको म्हणून विहिरीवर मोबाइल स्टार्टर बसवतात. डब्यात सिमकार्ड, मिस कॉल दिला की मोटर सुरू. चांगला वायरमन तो बसवताना आधी नंबर नोंदवतो, म्हणजे नोंदलेल्या नंबरांशिवाय कुणाचाही कॉल आला तरी मोटर हलत नाही. गडी काम सोडून गेला की त्याचा नंबर काढतात. विहिरीवर पाळली जाणारी ही शिस्त हिशेबाच्या संगणकावर मात्र कुणी पाळत नाही. म्हणून बाजारातली साधनं मी याच कसोटीवर लावून पाहिली आहेत. जोडून सगळीच देतात. कुणाला, किती वेळासाठी, कुठपर्यंत आत घेता येतं, तो आल्याची नोंद कुठं राहते आणि काम झाल्यावर त्याला नक्की बाहेर काढता येतं का, यावर ती वेगळी ठरतात.

सुरुवात सगळ्यांत जुन्या साधनापासून करू. विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विद्यार्थ्यांना स्वस्तात ‘शेल अकाउंट’ मिळे: काळा पडदा, त्यावर अक्षरं, चित्रं नाहीत. दूरच्या संगणकात शिरण्याचा तेव्हाचा रूढ मार्ग टेलनेट होता आणि त्यात पासवर्ड तारेवरून उघड्या अक्षरांत जाई. त्याच्या महिनाभर आधी, जुलै १९९५ मध्ये, फिनलंडमध्ये तातू युलोनेन या संशोधकानं एसएसएच, म्हणजे दूरच्या संगणकाशी सांकेतिक जोडणी करणारं साधन, लोकांसाठी खुलं केलं होतं. हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठातल्या जाळ्यावर कुणीतरी पासवर्ड चोरत होतं, त्यावर उपाय म्हणून त्यानं ते लिहिलं. वर्ष संपायच्या आत सुमारे ५० देशांत २०,००० जण ते वापरू लागले. पुढं त्याच्या कंपनीच्या परवान्याच्या अटी आवळत गेल्या, तेव्हा ओपनबीएसडीच्या मंडळींनी जुन्या मोकळ्या आवृत्तीवरून डिसेंबर १९९९ मध्ये ओपनएसएसएच काढलं. आज जगातले बहुतेक लिनक्स सर्व्हर दुरून त्याच्याच मदतीनं चालवले जातात.

तासगावात एसएसएच कोण वापरतं? पुण्याच्या कंपनीत नोकरीला असलेली आणि २०२० च्या टाळेबंदीपासून घरून काम करणारी मुलं, गावातली वेबसाइट सांभाळणारे, बिलिंगचं सॉफ्टवेअर भाड्याच्या सर्व्हरवर ठेवणारे, केबल-इंटरनेटवाले. संख्येनं थोडे, पण त्यांच्या हातात इतरांचे संगणक असतात.

एसएसएचमध्ये ओळख दोन्ही बाजूंनी पटवतात. पहिल्यांदा जोडताना सर्व्हर आपला ठसा दाखवतो आणि ‘हाच का?’ असं विचारतो. न वाचता ‘हो’ दाबण्याचा राष्ट्रीय रिवाज आहे. पुढं कधी ठसा बदलला तर प्रोग्राम आरडाओरडा करतो, तेव्हाही ‘हो’ दाबणारे भेटतात. दुसरी ओळख आपली. पासवर्डाऐवजी किल्ल्यांची जोडी बनवता येते: खासगी किल्ली आपल्याकडे, सार्वजनिक किल्ली सर्व्हरवरच्या एका साध्या मजकूर-फाइलमध्ये. एका माणसाची एक ओळ. ओळ पुसली की तो माणूस बाहेर. त्याच ओळीत ‘अमुक पत्त्यावरूनच’, ‘फक्त हीच आज्ञा’, ‘अमुक तारखेपर्यंतच’ अशा अटी लिहिता येतात. रोजचा बॅकअप उचलणाऱ्या मुलाला पूर्ण सर्व्हर हातात द्यायची गरज नाही, त्याला बॅकअपची आज्ञा तेवढी चालवू द्यावी. ज्याला बाहेर काढायचंय त्याला बाहेर काढण्याची इतकी स्वच्छ सोय बाकी कुठल्याही साधनात मला दिसली नाही. दुर्दैव असं की ती काळ्या पडद्यामागं आहे आणि गाळ्यातला माणूस काळा पडदा बघून तो लगेच बंद करतो.

विंडोजवर एसएसएच म्हटलं की अजूनही पुटीचंच नाव निघतं. सायमन टॅथम या इंग्लंडमधल्या प्रोग्रामरनं ते १९९९ च्या जानेवारीत लोकांसमोर आणलं. फुकट, मोकळ्या परवान्याचं, छोटंसं, बसवावंही लागत नाही. दिसायला अजून त्याच काळातलं. मजकूर नुसता निवडला की कॉपी होतो आणि उजवं बटण दाबलं की थेट चिकटतो, हे माहीत नसलेल्याच्या हातून भलतीच आज्ञा चालून जाते. सेव्ह केलेल्या जोडण्या ते विंडोजच्या रजिस्ट्रीत ठेवतं, त्यामुळं संगणक बदलताना त्या मागं राहतात. किल्लीचा त्याचा साचाही वेगळा आहे, पुटीजेननं तो रूपांतरित करून घ्यावा लागतो. पण पासवर्ड साठवायला ते ठाम नकार देतं, ही मला त्याची मोठी बाजू वाटते. लोक याच गोष्टीसाठी त्याला शिव्या घालतात.

पुटीचा खरा धोका पुटीत नाही, शोधपट्टीत आहे. पुटी डॉट ओआरजी हा पत्ता टॅथम यांच्या मंडळींचा नाहीच. नकली पुटी वाटण्याचे प्रकार २०१५ पासून उघड झाले आहेत. २०२२ मध्ये तर उत्तर कोरियाशी जोडल्या गेलेल्या टोळीनं नोकरीचं आमिष दाखवून व्हॉट्सअ‍ॅपवरून विष कालवलेलं पुटी पाठवलं होतं. ‘मुलाखतीची चाचणी द्यायची आहे, हे पुटी उघडा’ असं सांगितलं की नोकरी शोधणारं पोरगं उघडणारच. तेव्हा ते लेखकाच्या मूळ पानावरूनच घ्यावं. मित्राच्या पेनड्राइव्हवरून तर नाहीच.

एप्रिल २०२४ मध्ये अस्सल पुटीतही एक मोठी चूक सापडली. जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या फाबियान बॉयमर आणि मार्कुस ब्रिंकमन यांनी दाखवलं की ०.६८ ते ०.८० या आवृत्त्यांत एका विशिष्ट जातीच्या किल्लीनं, पी-५२१ नावाच्या, सही करताना पुरेसा यादृच्छिकपणा राहत नाही. अशा साठेक सह्या हाती आल्या की खासगी किल्लीच काढता येते. फाइली नेण्या-आणण्याच्या विनएससीपी आणि फाइलझिला या साधनांनाही त्याची झळ बसली, कारण त्यांच्या पोटात पुटीचाच कोड होता. ०.८१ मध्ये दुरुस्ती आली. पण नवी आवृत्ती टाकून भागत नव्हतं. जुनी किल्ली फुटली असेल तर ती फुटलेलीच, त्यामुळं जिथं जिथं तिची ओळ लिहिली असेल तिथं जाऊन ती पुसायला हवी होती. आपली किल्ली कुठकुठल्या सर्व्हरवर आहे याची वही ज्यांनी ठेवली होती ते एका संध्याकाळी मोकळे झाले. बाकीच्यांचं काय झालं असेल, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

पुटीची सवय नसलेल्यानं आता ती लावून घेण्याची गरज उरलेली नाही. एप्रिल २०१८ च्या सुधारणेपासून विंडोज १० मध्ये ओपनएसएसएचचा क्लायंट आयताच येतो. वेगळं काही उतरवायला नको, म्हणजे नकली उतरवण्याची भीतीही नाही. सर्व्हरांची यादी एका मजकूर-फाइलमध्ये ठेवता येते आणि सुधारणा विंडोजबरोबर येतात. नव्यानं शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मी हेच सांगेन. दहा-बारा सर्व्हर सांभाळणाऱ्याला मोबाएक्सटर्म आवडतं. फ्रान्समधलं हे साधन एकाच चौकटीत काळा पडदा, फाइलींची यादी, दूरचा डेस्कटॉप असं सगळं देतं. फुकट आवृत्तीत १२ जोडण्या साठवता येतात. मात्र ते पासवर्ड साठवायला तयार असतं, तेव्हा मास्टर पासवर्ड घातल्याशिवाय ते वापरू नये. सिक्युअरसीआरटी पैशाचं आहे आणि मोठ्या कंपन्यांचं. बिटवाइज चांगलं आहे, एवढं म्हणून पुढं जाऊ.

फाइली नेण्या-आणण्यासाठी विनएससीपी. चेक प्रजासत्ताकातल्या मार्टिन प्रिकरिलनं २००० मध्ये सुरू केलेलं हे साधन डावीकडे आपला संगणक, उजवीकडे सर्व्हर असं दाखवतं, त्यामुळं हिशेबनिसालाही कळतं. फाइलझिला तितकंच लोकप्रिय, पण साठवलेल्या पासवर्डांना मास्टर पासवर्डचं कुलूप त्यात २०१७ मध्ये आलं. त्याआधी ते संगणकावर जवळजवळ उघडेच पडलेले असत. जुनी आवृत्ती अजून कुठं असेल तर ती आजच काढावी.

मराठी माणसाला आणखी एक अडचण येते आणि परदेशी परीक्षणांत ती कधी दिसत नाही. हे सगळे काळे पडदे समान रुंदीच्या चौकटींत एकेक अक्षर बसवतात. रोमन लिपीला ते चालतं, देवनागरीला नाही. ‘बेदाणा’ कसाबसा वाचता येतो, ‘द्राक्ष’चा मात्र पार चेंदा होतो. पुटीला अरबीची उजवीकडून डावीकडे लिहिण्याची रीत कळते, पण आपली जोडाक्षरं नीट जुळत नाहीत. फाइलींना देवनागरी नावं दिलेली असतील तर काळ्या पडद्यावर ती पुसताना-हलवताना घोळ होतो. मी तरी ती कामं विनएससीपीतच करतो. दूरच्या विंडोज डेस्कटॉपवर मराठी टंकताना वेगळी गंमत असते. मायक्रोसॉफ्टच्या रिमोट डेस्कटॉपमधून साधारणपणे कोणती कळ दाबली तेवढंच पलीकडं जातं आणि अक्षर तिथला कीबोर्ड ठरवतो. तेव्हा इनस्क्रिप्ट पलीकडं चालू ठेवावा आणि आपल्याकडं इंग्रजीच असू द्यावं. श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटांत टंकलेली पत्रं मात्र पलीकडं तो फाँट असेल तरच वाचता येतात.

गावाकडचं जाळं तुटतं, वीज जाते. साधं एसएसएच जोडणी तुटली की मरतं आणि अर्धवट चाललेलं कामही त्याच्यासोबत जातं. यावर सर्व्हरवर टीमक्स चालवणं हा जुनाजाणता उपाय, त्यात काम पलीकडं जिवंत राहतं. एमआयटीत २०१२ मध्ये आलेलं मॉश याहून पुढं जातं: वाय-फायवरून मोबाइल डेटावर गेलात, लॅपटॉप मिटून उघडलात, तरी ते जिथल्या तिथं सुरू. बेभरवशाच्या जोडणीसाठी इतकं उपयोगी साधन इतकं कमी माहीत असावं याचं आश्चर्य वाटतं. फोनवर कनेक्टबॉट किंवा टर्मक्स पुरे. पण फोनमध्ये किल्ली ठेवायची तर तिला वेगळा सांकेतिक शब्द हवाच, कारण फोन एसटीत विसरतो.

आता गाळ्यातल्या संगणकाकडे वळू. तिथं एसएसएच नाही, एनीडेस्क आहे, आणि त्याचं कारण आळस नव्हे. गावात येणाऱ्या बहुतेक घरगुती इंटरनेट जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो. शेकडो ग्राहक एकाच पत्त्यामागं असतात, त्यामुळं बाहेरून थेट त्या संगणकापर्यंत पोचायला वाटच नाही. टीमव्ह्यूअर, एनीडेस्क यांनी यावर तोड काढली: दोन्ही संगणक आधी कंपनीच्या सर्व्हरला जाऊन भेटतात आणि तो त्यांची गाठ घालून देतो. राउटरला हात लावायचा नाही, नुसता नंबर सांगायचा. या सोयीनं बाजार जिंकला. टीमव्ह्यूअर २००५ मधलं, एनीडेस्क २०१४ मधलं, दोन्ही जर्मन. दोन्ही घरगुती वापराला फुकट आहेत आणि दुकानदार ती फुकटातच वापरतो. मग ऐन कामाच्या मध्यात ‘व्यावसायिक वापराचा संशय’ अशी पाटी येते आणि पाच मिनिटांत जोडणी तुटते. तेव्हा लोक कंपनीवर चिडतात. परवाना न घेणं हा भाग चर्चेत येत नाही.

माझ्या कसोटीवर एनीडेस्कचे दोन भाग पाडावे लागतात. समोर माणूस बसलेला आहे, तो ‘स्वीकारा’ दाबतो, काम झाल्यावर बंद करतो: हा वापर ठीक. दुसरा ‘अनअटेंडेड’, म्हणजे कुणी नसतानाही पासवर्ड टाकून आत येण्याचा. तो एकदा चालू केला की बहुतेक जण विसरतात. त्यात पलीकडच्यानं ‘इथून पुढं आपोआप लॉगिन’ यावर खूण केलेली असेल तर त्याच्या संगणकावर एक टोकन साठून राहतं आणि पासवर्ड विचारलाही जात नाही. सुरक्षेच्या सेटिंगमध्ये ही सगळी टोकनं पुसण्याचं बटण आहे. टॅलीवाला बदलला, कामगार सोडून गेला की ते दाबायचं. आत कोण आलं-गेलं याचीही नोंद राहते: एनीडेस्क ‘कनेक्शन ट्रेस’ नावाच्या मजकूर-फाइलमध्ये तारीख-वेळ आणि पलीकडचा नंबर लिहून ठेवतं, टीमव्ह्यूअरचीही आलेल्या जोडण्यांची अशीच फाइल असते. महिन्यातून एकदा ती उघडून वाचणारा दुकानदार मला अजून भेटायचा आहे.

यात डिजिटल सहीचं टोकन आलं की प्रकरण गंभीर होतं. जीएसटी, निविदा, ग्रामपंचायतीची कामं, सगळीकडं पेनड्राइव्हसारखं ते टोकन लागतं. मायक्रोसॉफ्टच्या रिमोट डेस्कटॉपमधून गेलं तर पलीकडच्या संगणकाला लावलेलं टोकन सहसा दिसत नाही, कारण तो आपल्या हातातलं टोकन शोधतो. एनीडेस्क समोरचा पडदा जसाच्या तसा दाखवतं, म्हणून त्यातून सही होते. यामुळंच सल्लागारांना एनीडेस्क लाडकं. परिणाम असा की टोकन दिवसरात्र संगणकाला लावलेलं, पिन वहीच्या पहिल्या पानावर किंवा ब्राउझरमध्ये आणि अनअटेंडेड प्रवेश चालू. कायद्याच्या नजरेत ती सही मालकाची. सही झाली की टोकन काढून कुलपात ठेवायला सात सेकंद लागतात, आणि नेमकं तेच होत नाही.

ठगांनी ही साधनं केव्हाच हेरली. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्कचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं. रीत सगळ्यांना पाठ झाली असेल: ‘केवायसी अपुरी आहे, हे अ‍ॅप घ्या, नऊ आकडी नंबर सांगा.’ मग ओटीपी त्यांच्या डोळ्यांसमोर येतो. २०२१ च्या जेईई मुख्य परीक्षेत हरियाणातल्या सोनीपतच्या केंद्रातले संगणक दुरून चालवून पेपर सोडवले गेले, असा सीबीआयचा आरोप आहे. केवायसीच्या फसवणुकीत सॉफ्टवेअरमध्ये खोट नसते, ते ज्यासाठी बनवलंय तसंच वापरलं जातं. पण कंपन्यांकडेही चोरी होते. एनीडेस्कनं फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचं मान्य करून प्रमाणपत्रं बदलली. टीमव्ह्यूअरच्या कार्यालयीन यंत्रणेत त्याच वर्षी जूनमध्ये घुसखोरी झाली, ग्राहकांच्या जोडण्यांपर्यंत ती पोचली नाही असं कंपनीचं म्हणणं. गाठ घालून देणारा मधला माणूस असला की त्याच्या घरचं दुखणं आपलंही होतं.

नैमित्तिक मदतीसाठी मला क्रोम रिमोट डेस्कटॉप आणि विंडोजमधलं क्विक असिस्ट जास्त पटतात, आणि कारण साधं आहे: त्यांचा नंबर शिळा होतो. क्रोमचा एकवेळचा संकेतांक पाच मिनिटांत मरतो, क्विक असिस्टचा दहा मिनिटांत. उद्या तोच नंबर घेऊन कुणी येऊ शकत नाही. क्विक असिस्टचाही गैरवापर होतो, मायक्रोसॉफ्टनंच मे २०२४ मध्ये तसा इशारा दिला. पण त्यात ठगाला दर वेळी नव्यानं बोलून फसवावं लागतं. पन्नास गिऱ्हाइकांना आधार देणाऱ्या टॅलीवाल्यानं रस्टडेस्ककडं बघावं. ते मोकळ्या परवान्याचं आहे आणि गाठ घालणारा सर्व्हर स्वतःचा ठेवता येतो. तो सर्व्हर सांभाळायची तयारी नसेल तर मात्र त्या वाटेला जाऊ नये.

दुरूनच रोज काम करायचं असेल तर वेगळा विचार लागतो. मायक्रोसॉफ्टचा रिमोट डेस्कटॉप वेगवान आणि भक्कम आहे, पण विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरून कुणाला आत घेण्याची सोय नसते. यावर गल्लोगल्ली मिळणारा जुगाड म्हणजे आरडीपी रॅपर. त्यानं होम आवृत्तीही उघडते आणि एका संगणकावर तिघे-चौघे टॅली चालवतात. परवान्याचा भंग तर आहेच. शिवाय विंडोजची सुधारणा आली की रॅपर मोडतं, म्हणून दुकानदार सुधारणाच बंद करून ठेवतो. याहून वाईट सवय म्हणजे राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ क्रमांकाचा पोर्ट जगाला उघडा करणं. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्ये ब्लूकीप नावाची खोट सापडली, तेव्हा धोका एवढा वाटला की मायक्रोसॉफ्टनं मेलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती काढली. विंडोज १० चा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि आपल्या गाळ्यांत तेच आहे.

यावर आजचा शहाणा उपाय म्हणजे आधी खासगी जाळं, मग त्याच्या आत डेस्कटॉप. असं जाळं उभारणारं वायरगार्ड २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आलं. कोड छोटा, त्यामुळं तपासायला सोपा. त्यावर उभं राहिलेलं टेलस्केल सार्वजनिक पत्ता नसतानाही दोन संगणकांना जोडतं, आणि त्याच्या पानावर प्रत्येक यंत्राची एकेक ओळ दिसते. काढून टाकायचं असेल तर तिथूनच काढता येतं. विहिरीवरच्या नंबरांच्या यादीच्या सगळ्यांत जवळचं साधन मला हेच वाटतं. यातही मधली कंपनी आहे हे खरं, पण निदान ३३८९ उघडा राहत नाही.

या तुलनांत एक क्लायंट नेहमी सुटतो: विनबॉक्स. तालुक्यातले केबल-इंटरनेटवाले लॅटव्हियाच्या मायक्रोटिक कंपनीचे राउटर वापरतात आणि ते चालवायला विनबॉक्स. २०१८ मध्ये त्याच्या पोर्टात अशी खोट निघाली की पासवर्ड न देताही वापरकर्त्यांची फाइल वाचता येई. दुरुस्ती एप्रिलमध्येच आली होती, तरी पुढं जगभरात दोन लाखांहून जास्त राउटर दुसऱ्यांसाठी आभासी चलन खणताना सापडले. गाळेवाल्यानं कितीही काळजी घेतली तरी त्याच्या वरच्या राउटरवर कुणाचा हात आहे, हे केबलवाल्याला विचारायला हवं.

सहकारात हा प्रश्न आणखी मोठा होणार आहे. केंद्र सरकारनं जून २०२२ मध्ये ६३,००० विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटी रुपये मंजूर केले. एकच समान सॉफ्टवेअर, म्हणजे दुरून आधार देणारेही आलेच. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या तंत्रसेवा कंपनीवर खंडणी-हल्ला झाला, तेव्हा तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ३०० लहान बँकांना राष्ट्रीय पेमेंट यंत्रणेतून तात्पुरतं बाजूला काढावं लागलं. त्यात सहकारी आणि ग्रामीण बँकाच होत्या. सोसायटीच्या संचालक मंडळानं सेवा कराराच्या वेळी दराच्या चर्चेइतकाच वेळ ‘तुमची माणसं आत कशी येणार आणि करार संपल्यावर त्यांचा प्रवेश कोण काढणार’ या ओळीवर घालवावा.

याच पट्ट्यातला एक जुना प्रयोग मला इथं आठवतो. वारणा खोऱ्यात १९९८ मध्ये ७० गावांत संगणक केंद्रं बसवून ती साखर कारखान्याशी जोडली गेली. पुढं मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या मंडळींनी पाहिलं की शेतकरी तिथं मुख्यतः उसाची नोंद, वजन, बिल एवढंच बघतो. म्हणून त्यांनी संगणक काढून मोबाइलवरून एसएमएसनं तेवढीच माहिती देण्याचा प्रयोग केला. गरज तीन ओळींची होती, त्यासाठी अख्खा संगणक देण्याचं कारण नव्हतं. गाळ्यातही पुष्कळदा असंच असतं. मालकाला दुसऱ्या गावातून फक्त येणं-देणं बघायचं असेल तर टॅलीतच दुरून अहवाल बघण्याची सोय आहे. त्यासाठी अख्खा डेस्कटॉप उघडा टाकण्याची गरज नाही.

मला विचाराल तर गाळ्यासाठी क्विक असिस्ट, रोजच्या कामासाठी टेलस्केलच्या आतून रिमोट डेस्कटॉप, सर्व्हरसाठी विंडोजमधलंच ओपनएसएसएच आणि फाइलींसाठी विनएससीपी. एनीडेस्क ठेवायचंच असेल तर अनअटेंडेड बंद करून.

आणि कधी पडदा आपोआप हलताना दिसलाच, तर आधी इंटरनेटची वायर काढावी किंवा वाय-फाय बंद करावं. संगणक लगेच फॉरमॅट करायला देऊ नये. पैसे गेले असतील तर १९३० वर तितक्याच तातडीनं फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता सुरुवातीच्या वेळेतच जास्त असते. संस्थांना भारत सरकारच्या सर्ट-इनकडं सहा तासांत कळवणं २०२२ च्या आदेशानं बंधनकारक आहे. ‘कनेक्शन ट्रेस’ची फाइल पेनड्राइव्हवर काढून घ्यावी. पोलीस ठाण्यात तारीख आणि वेळ विचारतात, ती त्या फाइलीत लिहिलेली असते.